बोटाची नोंद कुठे करायची, डॉक्टर?

महाराष्ट्रातील समस्त बालरोगतज्ज्ञांस,



पत्र तुम्हालाच लिहिण्याचं कारण साधं आहे. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईबापांची पहिली गाठ तुमच्याशी पडते. स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मानसतज्ज्ञ ही मंडळी नंतर आयुष्यात येतात, तीही बहुतेक वेळा तुमच्या चिठ्ठीवरून. त्यामुळे तुमच्या खोलीत काय विचारलं जातं आणि फाईलवर काय उतरतं, याला आमच्या घरांत फार वजन असतं. आजी-आजोबा ती फाईल चष्मा लावून वाचतात. नातेवाईक आम्हाला काही विचारत नाहीत, 'डॉक्टर काय म्हणाले?' एवढंच विचारतात.

तुमच्या दाराबाहेरच्या बाकांवर किती गर्दी असते ते मी पाहिलेलं आहे. पावसाळ्यात तर पाय ठेवायला जागा नसते. तापाने फणफणलेलं मूल बाहेर ताटकळत असताना माझ्या मुलाने बोट दाखवलं की नाही, यावर तुम्ही अर्धा तास घालवावा अशी माझी अपेक्षा नाही. पुढे जे मागणार आहे ते आहे त्याच मिनिटांत बसण्यासारखं आहे.

गाऱ्हाणं असं की आमच्या मुलांच्या संवादाचं मोजमाप तुम्ही शब्दापासून सुरू करता. 'किती शब्द बोलतो?' याचं उत्तर 'एकही नाही' असं आलं की पुढचा रकाना रिकामा राहतो. आम्ही मात्र त्या रिकाम्या रकान्यातच राहतो. तिथे रोज काही ना काही घडत असतं, आम्ही त्याचा आनंद करतो, गोडधोड करतो, आणि तो आनंद तुमच्या टेबलापर्यंत आणला की 'आईचं मन आहे, चालायचंच' अशा अर्थाचं एक हसू मिळतं. त्या हसण्याबद्दल हे पत्र आहे.

आधी बोटाबद्दल बोलते. मूल वर्षाचं झालं की साधारण त्या सुमारास बोट दाखवायला लागतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण त्या बोटाचे दोन प्रकार आहेत. १९७५ साली एलिझाबेथ बेट्स या अमेरिकी संशोधिकेने आपल्या इटालियन सहकाऱ्यांबरोबर बोलण्याआधीच्या वयातली मुलं न्याहाळून ते वेगळे करून दाखवले. एक बोट म्हणतं, 'ते मला दे.' दुसरं म्हणतं, 'ते बघ.' पहिल्यात मोठं माणूस कामापुरतं लागतं. दुसऱ्यात काहीच मिळवायचं नसतं. मला दिसलं ते तूही पाहावंस, इतकंच. आमच्या मुलांचं अडतं ते मुख्यतः या दुसऱ्या बोटापाशी.

म्हणून तर एम-चॅटमध्ये बोटाला एवढं महत्त्व आहे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची ही वीस प्रश्नांची चाळणी तुम्हाला पाठ असेल. त्यातले तीन प्रश्न थेट बोटाचे आहेत: तुम्ही बोट दाखवलं तर मूल तिकडे बघतं का, हवी ती वस्तू बोटाने मागतं का, गंमत वाटलेली गोष्ट बोटाने दाखवतं का. शिवाय वस्तू आणून दाखवतं का, हाक मारल्यावर वळतं का, असेही प्रश्न आहेत. मूल किती शब्द बोलतं, हा प्रश्न त्या विसांत एकदाही नाही. आणि ओपीडीत आम्हाला विचारला जाणारा पहिला, बहुतेकदा शेवटचा प्रश्न तोच असतो. लसीकरणाच्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान येतो. म्हणजे ज्या महिन्यांत बोटाची विचारपूस करायची, नेमक्या त्याच महिन्यांत मूल आपल्या पायांनी तुमच्या खोलीत चालत येतं. दंडात सुई टोचण्याआधी 'काही दिसलं की तुम्हाला दाखवतो का हो?' एवढं विचारायला किती वेळ लागेल?

त्याऐवजी कानावर पडतं ते 'थांबू या'. मुलगे उशिराच बोलतात. घरात माणसं कमी, म्हणून. मोबाइल बंद करा, सुटेल जीभ. घरची मोठी माणसं जिभेला वेखंड लावायला सांगतात, पोपटाने टोचलेला पेरू खायला घाला म्हणतात, त्यांचं मी मनावर घेत नाही. त्यांनी त्यांच्या काळात तेच पाहिलेलं असतं. तुम्ही 'थांबू या' म्हणता तेव्हा मात्र आम्ही खरोखर थांबतो. मोबाइलचं म्हणाल तर तो कमी करायला सांगा, अवश्य सांगा. पण 'व्हर्च्युअल ऑटिझम' असा शिक्का मारू नका. असं निदान कुठल्याही मान्यताप्राप्त वर्गीकरणात नाही, आणि त्या शिक्क्याने घरात एकच काम होतं: सगळ्यांना आईकडे बोट दाखवता येतं. हे बोट दाखवायला मात्र कुणाला शिकवावं लागत नाही.

आता आमच्याकडच्या दुसऱ्या बोटाची हकिकत. आमच्या सोसायटीबाहेर रस्ता खणत होते. डोंबिवलीत रस्ता कायमच खणत असतात, त्यामुळे त्यात नवल नाही. मुलगा गॅलरीचे गज धरून जेसीबी बघत होता. तासन्‌तास बघू शकतो. आजोबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते. जेसीबीने पंजा उचलून माती ट्रकमध्ये ओतली तसं याने एक बोट गजांतून बाहेर काढलं, मान वळवून आजोबांकडे पाहिलं आणि परत जेसीबीकडे पाहिलं. तोंडातून अक्षर नाही. जेसीबी त्याला हवा नव्हता, कुणी आणून देणारही नव्हतं. त्याला बघायला आजोबा हवे होते. आजोबांनी पेपर टाकला, कोपऱ्यावरच्या डेअरीतून पाव किलो पेढे आणले आणि मजल्यावर वाटले. समोरच्या काकूंनी विचारलं, 'बोलायला लागला वाटतं?' आजोबा म्हणाले, 'नाही, बोट दाखवलं.' काकूंना काही उमगलं नाही. पण पेढा त्यांनी खाल्ला, 'बरं झालं हो' म्हणाल्या. काकूंचं तेवढं पुरे आहे. त्या काही वैद्यकी शिकलेल्या नाहीत.

पुढच्या तपासणीला हेच आम्ही डॉक्टरांना सांगितलं. आजोबा मुद्दाम बरोबर आले होते, सांगायला. 'छान, छान. पण शब्द अजून नाहीतच ना?' फाईलवर 'नो स्पीच' असं उतरलं, मागच्या भेटीत होतं तसंच. ज्या बोटासाठी चाळणीत तीन प्रश्न आहेत ते बोट अखेर आलं, आणि त्याची नोंद झाली नाही. नव्हतं तेव्हा ते लक्षण होतं, आल्यावर ते काहीच नव्हतं. परत येताना रिक्षात आजोबा गप्प होते.

हाताचंही तसंच. आमची पुष्कळ मुलं मोठ्या माणसाचं मनगट धरून त्याला फ्रिजपाशी नेतात आणि त्याचा हात दांड्यावर ठेवतात, जणू तो हात म्हणजे पक्कड. पुस्तकात हे लक्षण म्हणून दिलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या आतही पायऱ्या असतात. आधी मूल हात ठेवतं आणि फ्रिजकडेच बघत राहतं. पुढे कधीतरी हात ठेवतं आणि ओझरतं वर, आपल्या तोंडाकडे बघतं. मग आपण मुद्दाम काहीच केलं नाही तर मनगट हलवतं आणि पुन्हा वर बघतं, या वेळी जरा जास्त वेळ. फ्रिज तोच, आतलं दहीही तेच. पण या हाताच्या मागे एक माणूस आहे आणि ते माणूस ऐकतं, हे आता त्याला कळलेलं असतं. माझ्या मुलाच्या फाईलमध्ये या सगळ्याला प्रत्येक भेटीत एकच ओळ मिळालेली आहे: 'हात धरून नेतो.'

ज्या प्रसंगाने हे पत्र लिहायला बसवलं तो याच्या पुढचा आहे.

आम्ही लोकलने बऱ्यापैकी फिरतो आणि गाडीतल्या घोषणा मुलाला तोंडपाठ आहेत. गेल्या वर्षी केव्हातरी, एखादं ठिकाण सोडून जायचं असलं की तो 'पुढील स्टेशन दादर' म्हणायला लागला. लग्नाच्या हॉलमध्ये बँडचा आवाज वाढला की 'पुढील स्टेशन दादर'. वाढदिवसाला फुगे फुटायला लागले की 'पुढील स्टेशन दादर'. दादरच का, तर आम्ही उतरतो दादरला, माझ्या माहेरी जायला. ती घोषणा झाली की आम्ही उठतो, पिशव्या घेतो, दाराकडे सरकतो. 'आता इथून निघायचं' हे सांगायला याहून नेमकं वाक्य मला तरी सुचत नाही. ते त्याचं त्याने शोधलं, योग्य जागी वापरलं, आणि घरातल्या प्रत्येकाला ते समजतं. आम्हाला पहिल्यांदा अर्थ लागला त्या रात्री घरात शिरा झाला. मावशीने तर फोनवर रडून घेतलं.

तेच वाक्य तो तपासणीच्या खोलीत म्हणाला. डोक्यावर झगझगीत ट्यूबलाइट, शेजारच्या खोलीत कुणाचं तरी बाळ किंचाळत होतं, हा कानांवर हात ठेवून दाराकडे तोंड करून उभा. 'पुढील स्टेशन दादर.' मी अर्थ सांगितला, दादरच्या आजीसकट सांगितला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि लिहिलं: 'असंबद्ध बोलणं, इकोलालिया.' त्या खोलीत त्या घटकेला त्याच्या इतकं संबद्ध कुणीच बोलत नव्हतं, मीसुद्धा नाही. निघावंसं मलाही वाटत होतं, पण मी 'थँक्यू डॉक्टर' म्हणत बसून राहिले.

'असंबद्ध' लिहिण्याआधी एकदा लिओ कॅनर काढून वाचावा, ही हात जोडून विनंती. १९४३ साली अकरा मुलांच्या नोंदींवरून ज्यांनी ऑटिझमचं वर्णन केलं तेच कॅनर. तीन वर्षांनी, १९४६ मध्ये, त्यांनी नेमक्या याच विषयावर स्वतंत्र लेख लिहिला. या मुलांची निरर्थक वाटणारी वाक्यं मुळात कुठल्या प्रसंगात त्यांच्या कानावर पडली हे हुडकलं की त्यांना अर्थ असतो, हे त्यांनी उदाहरणं देऊन दाखवलं. त्यातल्या एका मुलाला काही फेकायची हुक्की आली की, कुत्रा गॅलरीतून टाकायचा नाही, असं तो स्वतःलाच बजावत असे. आसपास कुत्रा नसायचा. पूर्वी त्याने खेळण्यातला कुत्रा गॅलरीतून खाली टाकला होता आणि आई त्या शब्दांत रागावली होती, तिथून ते वाक्य आलेलं. अशा वाक्याची किल्ली फक्त घरच्यांकडे असते. कॅनर यांनी ती मागून घेतली. आम्ही न मागता देतो, तर ती टेबलावरच राहते.

पुढे १९८१ साली बॅरी प्रिझंट आणि जुडिथ डुकन यांनी ऑटिस्टिक मुलांच्या लगोलग पुनरुच्चाराचं, म्हणजे इकोलालियाच्याच एका प्रकाराचं, चित्रीकरण तपासून त्याची सात निरनिराळी कामं मांडली: पाळी घेणं, होकार देणं, मागणं, स्वतःला आवरणं वगैरे. म्हणजे हा काही कालपरवाचा शोध नाही. माझा मुलगा मला 'तुला पाणी हवंय का?' असं विचारतो तेव्हा तहान त्याला लागलेली असते. सर्वनाम उलटं आहे, कबूल. पण तो पेला हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभा आहे, हेही लिहा की.

इथे तुमच्यातलं कुणी म्हणेल, ताई, आम्ही लक्षणं लिहितो कारण तुम्हालाच पुढे प्रमाणपत्र लागतं. खरं आहे. २०१६ च्या कायद्याने ऑटिझम एकवीस दिव्यांगत्वांत आलं, आणि प्रमाणपत्रासाठी 'आयसा' या चाळीस मुद्द्यांच्या मोजपट्टीवर मुलाला बसवावं लागतं. तिथे पुनरुच्चारालाही गुण आहेत आणि गुण जितके जास्त तितकी अवस्था गंभीर. त्या कागदावर उणिवाच लिहायच्या असतात. लिहा, आमची हरकत नाही. पण उणिवांसाठी तो एक कागद आधीच आहे. तुमच्या फाईलने त्याचीच नक्कल करायची काय गरज?

दुसरं, कृपा करून त्याला 'म्हणून दाखव' म्हणू नका. मराठी घरात पाहुणे आले की मुलाला पुढे करून 'काकांना म्हणून दाखव' म्हणायची जुनी खोड आहे. आपण सगळे त्यातून गेलो आहोत, काहींच्या अंगावर अजून काटा येतो. आम्ही सांगतो की काल याने आजीला 'ये' म्हटलं, तर तुम्ही लगेच त्याच्या तोंडासमोर वाकून 'म्हण बरं ये, म्हण, ये...' सुरू करता. तो टेबलाखाली जातो. तुम्ही माझ्याकडे बघता, आणि त्या बघण्यात मी खोटी ठरते. 'ये' हे आजी दाराबाहेर उभी असताना म्हणायचं असतं, ती आत यावी म्हणून. आजी नाही, दार नाही, तर कुणाला म्हणणार? आईबापांनी सांगितलेलं 'आई सांगते' असं लिहून का होईना, नोंदवा. व्हिडिओ दाखवला तर दहा सेकंद बघा.

आमच्या थेरपी सेंटरच्या बाकड्यावरून सुरू झालेला आईबापांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तुम्ही तो एकदा वाचावा असं फार वाटतं. बाहेरच्या माणसाला तो वेड्यांचा बाजार वाटेल. एकीने लिहिलं, 'आज याने भाजीचा चमचा ढकलून नक्को म्हटलं!' त्याखाली पन्नास फुलं आणि तिघींचे व्हॉइस मेसेज. इतर घरांत या 'नक्को'ला धपाटा मिळाला असता. पण ज्या मुलाने तोवर नको असलेल्या प्रत्येक गोष्टीला जमिनीवर डोकं आपटून उत्तर दिलं, त्याने चमचा ढकलून एक शब्द म्हणणं ही त्या घरातली दिवाळी आहे. आणखी एकाने लिहिलं, मुलगी आज खोटं बोलली, बिस्किट खाऊन 'दादाने' म्हणाली. त्याचंही कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्या डोक्यातलं नसतं हे उमगल्याशिवाय खोटं बोलता येत नाही. ही माणसं भ्रमात नाहीत. आपलं मूल कुठे आहे हे त्यांना तुमच्यापेक्षा बारकाईने ठाऊक आहे, म्हणून तर ते कुठून निघून कुठे पोचलं हेही त्यांनाच दिसतं.

चित्रांच्या कार्डांबद्दल आणि टॅबबद्दल तुमच्यातले काही जण अजून सांगतात, 'त्याची सवय लावू नका, मग तो बोलणारच नाही, आळशी होईल.' २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी त्याआधीचे अभ्यास एकत्र तपासले. ज्यांच्याबाबत पुरावा भक्कम होता अशा २७ व्यक्तींपैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालेलं नव्हतं. ८९ टक्क्यांचं थोडंफार वाढलं होतं, बाकीच्यांचं होतं तिथेच राहिलं. आकडा लहान आहे आणि वाढही काही डोळे दिपवणारी नव्हती, हे मीच सांगते. पण 'आळशी होईल' याच्या बाजूने एवढासुद्धा पुरावा कुणी पुढे ठेवलेला नाही. ज्याला तोंडाने 'दही' म्हणता येतं तो फडताळातून कार्ड शोधून आणायचा खटाटोप कशाला करील? आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मोफत आहे आणि मराठीतही बोलतं. ते मला तुमच्या खोलीत कळायला हवं होतं. कळलं दुसऱ्या एका आईकडून, थेरपी सेंटरच्या जिन्यात.

मराठीवरून आठवलं. 'घरात एकच भाषा ठेवा, दोन-दोन भाषांनी गोंधळ होतो. शाळा इंग्रजीच असणार, तेव्हा इंग्रजीच बोला.' हा सल्ला पुण्या-मुंबईतल्या किती घरांना मिळाला असेल देव जाणे. आमच्या घरात दिवसभर मुलाशी बोलणारं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, आणि त्यांचं इंग्रजी 'टाटा-बायबाय'पाशी संपतं. सल्ला तंतोतंत पाळला असता तर सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच गप्प झालं असतं. काही घरांत ते झालंही आहे. तिथे आजी नातवाशी 'कम', 'सिट', 'ईट' एवढंच बोलते. ओव्या येणाऱ्या बाईच्या तोंडी हुकमाचे तीन शब्द उरतात. कॅनडात माँट्रियलच्या हॅम्ब्ली आणि फोम्बोन यांनी २०१२ साली एका भाषेत आणि दोन भाषांत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांची तुलना केली, तेव्हा दोन भाषांमुळे जादा उशीर झाल्याचं आढळलं नाही. हा सल्ला ज्यांनी दिला त्यांनी तो परत घ्यावा. लेखी दिला असेल तर लेखी परत घ्यावा.

मुदती घालू नका. 'पाच वर्षांपर्यंत बोलला तर बोलला' हे वाक्य ऐकल्यावर घरात मुलाचा वाढदिवस कसा साजरा होतो याची कल्पना करा. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चार वर्षांच्या वयापर्यंत भाषा खूपच मागे असलेल्या ५३५ मुलांच्या नोंदी तपासल्या. पुढे त्यातली ७० टक्के मुलं शब्द जोडून बोलायला लागली होती. आणि उलट बाजूने, 'बोलेल हो, नक्की बोलेल' असं पाठीवर थोपटून सांगू नका. शाळेच्या वयातही जवळपास न बोलणारी ऑटिस्टिक मुलं सुमारे तीस टक्के असतात, असं अभ्यासक सांगतात. माझा मुलगा कुठल्या गटात जाईल हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. तोवर तो जसं सांगतो तसं ऐकायची सोय तरी करू या.

जाता जाता आमच्याच मंडळींबद्दल एक तक्रार, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आनंद साजरा करण्याची आपली पद्धत पुष्कळदा मुलालाच जाचते. त्याने 'पाणी' म्हटलं की सगळं घर टाळ्या पिटतं, 'गुड जॉब' म्हणून ओरडतं, कुणीतरी मोबाइल समोर धरतं. या गडबडीत पाणी द्यायचं राहून जातं. आवाजाने कान झाकणाऱ्या मुलाला त्यातून काय कळणार? 'पाणी' म्हटलं की गोंगाट होतो, एवढंच. त्याच्यापुरता सोहळा म्हणजे पाणी लगेच मिळणं. पेढे नंतर, मोठ्यांनी, मोठ्यांमध्ये. आणि ते व्हिडिओ जगभर पाठवायचे नाहीत. उद्या तो मोठा होऊन ते पाहणार आहे. हे तुम्ही आम्हाला सांगा. तुमचं आम्ही ऐकतो.

शेवटची विनंती फाईलची. प्रत्येक भेटीत वजन, उंची, डोक्याचा घेर लिहिला जातो, आणि शंभर ग्रॅम वजन वाढलं तरी तुम्ही ते मोजून लिहिता. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे चित्रांसकट छापलेले आहेत, पण आमच्या मुलांचे टप्पे त्या क्रमाने येत नाहीत, मधले काही गाळून येतात, काही उलटे येतात. म्हणून एक वेगळं पान हवं आहे. मागच्या भेटीनंतर मूल काय नवीन सांगायला लागलं, कसं सांगितलं, बोटाने, हाताने, कार्डाने, घोषणेने, की रडण्याच्या वेगळ्या सुराने, आणि कुणाला सांगितलं, एवढंच त्यावर असावं. छापील नमुना येईपर्यंत आमचं आम्ही भरून आणू. पाच वर्षांच्या बूस्टरला येईन तेव्हा माझ्या मुलाचं पान फाईलला टाचून आणते. तुम्ही ते वाचा, पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह करा, आणि खाली तारीख घालून सही करा.

आपली नम्र,
एका साडेचार वर्षांच्या मुलाची आई
डोंबिवली (पूर्व)